अर्धवट इमारती आणि बौद्धांचे कर्तव्य

मुंबई नगरी समुद्र हटवून वाढली आहे. बेटांमधील खाड्या बुजविण्यासाठी ज्यांनी डोक्यावरून दगडमाती वाहिली, गोदीत ज्यांनी ओझी उचलली आणि गिरण्यांच्या सूतखात्यात ज्यांनी आपली फुप्फुसे झिजविली, त्या श्रमिकांत आपला समाज फार मोठ्या संख्येने होता. त्याच नगरीत त्याच समाजाला डोक्यावरच्या छपरासाठी पिढ्यानुपिढ्या वाट पाहावी लागावी, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. आज वरळी, परळ, शिवडी, धारावी, चेंबूर असा कोणताही भाग घ्या. एका बाजूस आकाशाला भिडणारे नवे मनोरे दिसतात आणि दुसऱ्या बाजूस गंजलेल्या सळया वर काढून उभे राहिलेले सिमेंटचे सांगाडे दिसतात. त्या सांगाड्यांच्या जागी पूर्वी ज्यांची घरे होती ती माणसे आता कोठे राहतात, हा प्रश्न रस्त्याने जाणारा सहसा विचारीत नाही. तो प्रश्न आज आम्ही विचारीत आहोत.

धर्मांतर आणि हक्क ह्या विषयांना वाहिलेल्या पाक्षिकाने इमारतींची चर्चा कशाला करावी, असे काही वाचकांस वाटेल. नुकतीच दीक्षा घेतलेल्या कुटुंबांना तर तसे वाटणे अगदी साहजिक आहे. परंतु बाबासाहेबांनी आपल्याला दिलेला धम्म हा मेल्यानंतरच्या स्वर्गाचा धम्म नाही. माणसाने माणसाशी ह्याच जगात कसे वागावे हे तो सांगतो. जेथे मुलाला अभ्यासाला कोपरा नाही, वयात आलेल्या मुलीला आडोसा नाही आणि म्हाताऱ्या आईला रात्री शौचालयासाठी रांगेत उभे राहावे लागते, तेथे शीलाचे पालन अशक्य नसले तरी फार कठीण होते. परळला पोयबावडी येथे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीतील पन्नास आणि एक्कावन्न क्रमांकाच्या दोन खोल्यांत स्वतः बाबासाहेबांनी सुमारे दोन दशके काढली. महाडचा सत्याग्रह झाला त्या १९२७ साली त्यांचे बिऱ्हाड तेथेच होते. पुढे दादरला त्यांनी ‘राजगृह’ बांधले ते ग्रंथांना पुरेशी जागा असावी म्हणून. घर ही चैन नाही, ती माणूसपणाची पहिली अट आहे, हे ह्या एका उदाहरणावरून ध्यानात यावे.

इमारती अर्धवट राहण्याचा हा रोग आजचा नाही. पहिल्या महायुद्धानंतर मुंबईत घरांची भीषण टंचाई झाली, तेव्हा गव्हर्नर जॉर्ज लॉइड ह्यांच्या राजवटीत १९२० साली बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट नावाचे एक खाते निर्माण करण्यात आले. त्या खात्याने दोन मोठी कामे एकदम हाती घेतली. एक बॅक बे येथे समुद्र बुजवून श्रीमंतांसाठी नवी जमीन काढण्याचे आणि दुसरे कामगारांसाठी चाळी बांधण्याचे. चाळींच्या खर्चासाठी कापसाच्या गाठीवर कर बसविण्यात आला. पन्नास हजार खोल्या बांधण्याचा संकल्प होता, प्रत्यक्षात सुमारे साडेसोळा हजार खोल्या झाल्या. इकडे बॅक बेचे काम खर्चाच्या आणि गैरकारभाराच्या आरोपांत रुतले. खुर्शेद नरिमन ह्यांनी तो कारभार चव्हाट्यावर आणला, त्याबद्दल त्यांच्यावर बदनामीचा खटला झाला आणि त्यात ते निर्दोष सुटले. समुद्राचा बराच भाग तेव्हा बुजविल्यावाचूनच राहिला. म्हणजे मोठ्या घोषणेने आरंभ, मधेच पैशाचा गोंधळ आणि शेवटी अर्धे काम, ही मुंबईच्या विकासाची चाल शंभर वर्षांची जुनी आहे. आज आपण पाहतो ती तिचीच पुढची आवृत्ती होय.

त्या खात्याने बांधलेल्या त्याच ह्या बीडीडी चाळी. वरळीस १२१, नायगावला ४२, डिलाइल रोडला म्हणजे आजच्या ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीला १२, अशा एकूण २०७ इमारती. प्रत्येक इमारत तळमजला आणि वर तीन मजल्यांची, मजल्यावर वीस खोल्या, खोली सुमारे १६० चौरस फुटांची आणि शौचालये सामाईक. बांधणी इतकी तुरुंगासारखी होती की, पहिल्या काही वर्षांत कामगार तेथे राहावयास जाईनात. पुढे कायदेभंगाच्या चळवळीत सरकारने वरळीच्या चाळींचा खरोखरीच तात्पुरता तुरुंग म्हणून उपयोग केला! अशा ह्या कोठड्यांना आपल्या माणसांनी घरपण आणले. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या कुटुंबांनी तेथे गावभाऊ वसविले, वाचनालये काढली, व्यायामशाळा चालविल्या आणि १९५६ नंतर बुद्ध विहारे उभारली. १९७४ च्या जानेवारीत वरळीची दंगल झाली तेव्हा ह्याच चाळींनी दगड आणि लाठ्या सोसल्या. ह्या इतिहासाचा आपल्याला अभिमान आहे. परंतु अभिमान इतिहासाचा असावा, अडचणीचा नसावा. १६० चौरस फुटांत आठ माणसांनी राहणे ही काही संस्कृती नव्हे, तो अन्याय होता. म्हणून चाळी पडत आहेत ह्याबद्दल अश्रू ढाळणाऱ्यांत आम्ही नाही. त्या पाडल्यावर पुढे काय होते, एवढाच आमचा प्रश्न आहे.

बीडीडी चाळींच्या पुनर्विकासाचे भूमिपूजन २२ एप्रिल २०१७ रोजी वरळीच्या जांबोरी मैदानावर झाले. शिवडीच्या चाळी बंदर खात्याच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या जमिनीवर असल्यामुळे त्या मूळ योजनेबाहेर राहिल्या. उरलेल्या तीन ठिकाणच्या मिळून १५,५९३ भाडेकरूंना प्रत्येकी ५०० चौरस फुटांचे घर द्यावयाचे ठरले. भूमिपूजनानंतर काम अडले आणि वरळीच्या प्रत्यक्ष बांधकामाचा आरंभ म्हणून १ ऑगस्ट २०२१ रोजी पुन्हा एक समारंभ झाला. अखेर १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या पहिल्या दोन मनोऱ्यांतील ५५६ कुटुंबांच्या हाती किल्ल्या पडल्या. जे झाले ते चांगले झाले आणि त्याचे श्रेय ज्याचे त्याला देण्यास आम्ही कचरत नाही. १६० फुटांतून ५०० फुटांत जाणे, घरात स्वतंत्र शौचालय असणे, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु हिशेबही सांगितला पाहिजे. भूमिपूजनापासून पहिल्या किल्लीपर्यंत आठ वर्षे गेली, आणि ती किल्ली साडेपंधरा हजारांपैकी ५५६ जणांना मिळाली. हे अशा ठिकाणी घडले की जेथे काम म्हाडा ह्या सरकारी संस्थेकडे होते आणि चाळींचा मालक कोणी खाजगी बिल्डर नव्हता. जेथे सर्व काही बिल्डरच्या हाती आहे तेथील स्थितीची कल्पना ह्यावरून करावी.

ती स्थिती झोपडपट्टी पुनर्वसन योजनांत पाहावयास मिळते. मूळ कायदा १९७१ चा आहे आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण १९९५ साली स्थापन झाले. योजनेचे गणित दिसावयास सोपे आहे. वस्तीची जमीन बिल्डरला बांधकामासाठी मिळते. तिच्या एका भागावर तो पात्र झोपडीवासीयांसाठी इमारत बांधतो आणि घरे विनामूल्य देतो. ही घरे आरंभी २२५ चौरस फुटांची होती, पुढे २६९ ची झाली आणि आता ३०० ची आहेत. उरलेल्या भागावर वाढीव चटईक्षेत्र मिळवून तो बाजारात विकण्याची घरे बांधतो आणि त्या विक्रीतून दोन्ही इमारतींचा खर्च व आपला नफा काढतो. म्हणजे गरिबाचे घर श्रीमंताच्या घराच्या किंमतीला टांगलेले आहे. बाजार चढला की काम चालते आणि बाजार उतरला की काम थांबते. ज्या दिवशी विक्रीत नफा दिसत नाही, त्या दिवशी गरिबाची वीट रचली जात नाही. सारे दुखणे येथे आहे.

ह्या दुखण्याचा क्रम आता इतका ठरून गेला आहे की, तो पाठ म्हणता येईल. प्रथम वस्तीत बिल्डरचा माणूस येतो. तो पुढाऱ्यांना हाताशी धरतो, चौकात मंडप घालतो आणि रंगीत चित्र दाखवितो. मग घरोघर जाऊन संमतिपत्रावर सह्या घेतल्या जातात. पूर्वी ७० टक्के रहिवाशांची संमती लागत असे, आता ५१ टक्के पुरते. सह्या होताच विरोध करणारे अल्पसंख्य ठरतात. झोपड्या रिकाम्या होतात आणि पाडल्या जातात. कुटुंबे संक्रमण शिबिरात किंवा भाड्याच्या खोलीत जातात. पहिले वर्ष भाड्याचा धनादेश वेळेवर येतो, दुसऱ्या वर्षी उशिरा येतो आणि तिसऱ्या वर्षी येत नाही. तोवर बिल्डरने योजनेवर कर्ज काढलेले असते, किंवा ती दुसऱ्याला विकलेली असते. रहिवाशांत दोन तट पडतात. एक जुन्या बिल्डरचा, दुसरा नव्याचा. प्रकरण न्यायालयात जाते. सांगाडा पावसात भिजत राहतो. लहान मुले शाळेच्या वयातून बाहेर पडतात आणि म्हातारी माणसे वाट पाहता पाहता डोळे मिटतात. ज्या कुटुंबाला झोपडीत भाडे द्यावे लागत नव्हते, ते आता विकासाच्या नावाखाली कर्जबाजारी झालेले असते.

ही आमची एकट्याची तक्रार नाही. बोरिवली येथील एक योजना सुमारे दोन दशके रखडली होती आणि तेथील बिल्डरला काढून टाकण्याचा निर्णय झाला होता. त्या खटल्यात ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. तेवढ्यावरच न थांबता न्यायालयाने ह्या कायद्याच्या एकूण अंमलबजावणीचे परीक्षण मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून हाती घ्यावे असे सुचविले, कारण ह्या एका कायद्याखालील दीड हजारांहून अधिक प्रकरणे उच्च न्यायालयात तुंबलेली दिसून आली. गरिबांच्या कल्याणासाठी केलेला कायदा जर एवढे खटले निर्माण करीत असेल, तर दोष कायद्याच्या रचनेत आहे, असाच त्याचा अर्थ होतो. एकट्यादुकट्या बिल्डरला दोष देऊन हा प्रश्न मिटणार नाही.

येथे कोणी म्हणेल की, ज्यांना फुकट घर मिळावयाचे आहे त्यांनी थोडी कळ सोसावी, तक्रार कसली करता? हा युक्तिवाद आम्हांस मुळीच मान्य नाही. घर फुकट मिळत नाही. ज्या जमिनीवर वस्ती आहे ती दलदल असताना आपल्या वडिलांनी भर घालून ती राहण्याजोगी केली. आज त्या जमिनीला सोन्याचा भाव आला आहे. त्या भावाचा मोठा हिस्सा बिल्डर घेतो आणि लहान हिस्सा ३०० फुटांच्या रूपाने रहिवाशाला मिळतो. हा व्यवहार आहे, त्यात दान नाही. दान घेणाऱ्याने गप्प राहावे असे एक वेळ म्हणता येईल, व्यवहार करणाऱ्याने गप्प राहू नये. शिवाय १९८५ साली फुटपाथवासीयांच्या प्रसिद्ध खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्कात अंतर्भूत असल्याचे सांगितले, आणि नंतरच्या निर्णयांत निवाऱ्याचा हक्कही त्यात धरला. तेव्हा आपण मागतो तो हक्क होय, भीक नव्हे.

दुसरा युक्तिवाद असा की, मोठी कामे आहेत, समुद्रकाठची नगरी आहे, वेळ लागणारच. ह्याचेही उत्तर मुंबईच्या समुद्रानेच दिले आहे. शिवडीपासून न्हावा शेवापर्यंत २१.८ किलोमीटर लांबीच्या सागरी सेतूचे बांधकाम २०१८ साली सुरू झाले आणि १२ जानेवारी २०२४ रोजी त्याचे उद्घाटनही झाले. मरीन ड्राइव्हपासून वरळीपर्यंतच्या किनारी रस्त्याचे भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झाले. मध्यंतरी न्यायालयाने काम थांबविले असतानाही मार्च २०२४ मध्ये त्याचा पहिला भाग वाहतुकीस खुला झाला. भरतीओहोटीत खांब रोवणाऱ्या आणि मलबार हिलच्या पोटातून बोगदा काढणाऱ्या शासनाला जमिनीवर चार भिंती उभ्या करणे जमत नाही, ह्यावर कोण विश्वास ठेवील? कौशल्य आहे, पैसा आहे, यंत्रे आहेत. उणीव इच्छेची आहे, आणि ती इच्छा ज्यांच्या मोटारी आहेत त्यांच्यासाठी लवकर जागी होते.

ह्याच संदर्भात दादर येथील इंदू मिलच्या जागेवरील बाबासाहेबांच्या स्मारकाविषयी दोन शब्द लिहिणे आम्ही कर्तव्य समजतो. चैत्यभूमीलगतच्या ह्या सुमारे साडेबारा एकर जागेसाठी बौद्ध जनतेने आंदोलन केले. ६ डिसेंबर २०११ रोजी कार्यकर्ते गिरणीच्या आवारात शिरले आणि एका वर्षानंतर केंद्र सरकारने जागा देण्याचे घोषित केले. ११ ऑक्टोबर २०१५ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन झाले. त्यानंतर मुदती मागून मुदती गेल्या, पुतळ्याची उंची वाढविण्यात आली, चौथऱ्यासह ती ४५० फूट ठरली, आणि २०२५ च्या महापरिनिर्वाण दिनी चैत्यभूमीवर आलेल्या लाखो लोकांना स्मारक अपूर्णच पाहावे लागले. ज्या मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने समुद्रावर बावीस किलोमीटरचा सेतू बांधला, त्याच प्राधिकरणाकडे हे स्मारक आहे. ह्याहून अधिक बोलण्याची आवश्यकता नाही.

परंतु ह्या प्रश्नाची दुसरी बाजूही आपण निर्भयपणे पाहिली पाहिजे. स्मारक रखडले म्हणून दरवर्षी मोर्चे निघतात, आणि ते निघालेच पाहिजेत. पण त्याच मोर्चातील हजारो माणसे ज्या रखडलेल्या योजनांत अडकली आहेत, त्यांच्यासाठी मोर्चा निघत नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत भाषण करताना बाबासाहेबांनी राजकारणातील व्यक्तिपूजेचा धोका स्पष्ट शब्दांत सांगितला होता. पुतळ्याची उंची वाढली म्हणून समाधान मानावयाचे आणि समाजाच्या घराची उंची मात्र मोजावयाची नाही, ही त्या इशाऱ्याची अवज्ञा होय. ज्या दिवशी स्मारकही पूर्ण होईल आणि त्याच्या सावलीतील शेवटच्या कुटुंबाच्या हातात किल्लीही पडेल, त्या दिवशीच बाबासाहेबांचे खरे स्मारक झाले असे आम्ही म्हणू.

आता कर्तव्याकडे वळू. दोष शासनाचा आणि बिल्डरचा आहे हे निर्विवाद. परंतु बौद्धांचा मार्ग दुसऱ्याला दोष देऊन थांबण्याचा नाही. दुःख आहे, दुःखाला कारण आहे, म्हणून ते कारण दूर करता येते, असे आपला धम्म शिकवितो. योजना रखडण्याच्या अनेक कारणांपैकी एक कारण आपल्या हातात आहे, आणि ते म्हणजे आपली सही.

ह्या शहरात गरीब माणसाजवळ जमीन नाही, भांडवल नाही, वशिला नाही. त्याच्याजवळ सही आहे. ५१ टक्के सह्या झाल्यावाचून बिल्डरची योजना पुढे सरकत नाही. म्हणूनच तो जेवणावळी घालतो, देणग्या देतो, जयंतीच्या वर्गणीचा आकडा फुगवितो. आपण मात्र ही सही पावशेर मिठाईच्या मोलाने देतो, आणि एकदा दिल्यावर दहा वर्षे दारोदार हिंडतो. निवडणुकीत मत विकू नये हे बाबासाहेबांच्या अनुयायाला सांगावे लागत नाही. संमतिपत्रावरची सहीदेखील मतच आहे, हे मात्र अजून सांगावे लागते.

बांधवहो आणि भगिनींनो, ही सही कशी राखावी ह्याचा धडा आपल्याला महापरिनिब्बान सुत्तात सापडतो. मगधाचा राजा अजातशत्रू वज्जींचे गणराज्य जिंकू पाहत होता. त्याचा अमात्य वस्सकार भगवंतांकडे आला, तेव्हा भगवंतांनी आनंदाला उद्देशून वज्जींच्या सामर्थ्याची सात कारणे सांगितली. वज्जी वारंवार सभा भरवितात, एकदिलाने जमतात, एकदिलाने उठतात, ठरलेले नियम मोडीत नाहीत, वडीलधाऱ्यांचे ऐकतात, स्त्रियांवर बळजबरी करीत नाहीत. जोवर हे चालेल तोवर त्यांची हानी होणार नाही. पुढे काय झाले ते अट्ठकथेत सांगितले आहे. वस्सकाराने वज्जींच्या नगरीत राहून एकाच्या कानात दुसऱ्याविषयी काहीबाही सांगितले, मने फाटली, सभेचे नगारे वाजले तरी कोणी जमेना, आणि गणराज्य लढाईवाचून पडले. आजच्या वस्त्यांत वस्सकार हिंडत आहेत. त्यांची गाडी मोठी असते आणि तोंडी जयभीम असतो. त्यांना ओळखण्याची खूण एकच. ते सभेत बोलत नाहीत, घरी येऊन एकेकट्याला सांगतात.

तेव्हा प्रत्येक वस्तीने काही नियम स्वतःस घालून घ्यावेत अशी आमची सूचना आहे. जी गोष्ट उघड सभेत वाचून दाखविली नाही तिच्यावर कोणी सही करू नये. करारनामा मराठीत असावा आणि विहारात सर्वांसमोर ओळीनओळ वाचला जावा. त्यासाठी आपल्यातील शिकलेल्या मुलामुलींनी आणि वकिलांनी पुढे यावे. ज्याने पूर्वी एखादी योजना अर्धवट टाकली आहे त्या बिल्डरला दारात उभे करू नये. दोन वर्षांचे भाडे आगाऊ जमा करून घेण्याचा आणि पुढील वर्षाचे धनादेश आधीच घेण्याचा नियम प्राधिकरणाने २०२३ साली केला आहे. तो पाळला गेल्याचे कागद हाती आल्यावाचून एकाही कुटुंबाने खोली रिकामी करू नये. काम मुदतीत न झाल्यास कायद्याच्या कलम १३(२) प्रमाणे बिल्डरला काढता येते, हे प्रत्येक समितीला माहीत असावे. समितीचा हिशेब दर तीन महिन्यांनी भिंतीवर लावावा.

नवदीक्षित कुटुंबांसाठी एक विशेष सूचना करणे अगत्याचे आहे. दीक्षेनंतर अनेक जण जुनी अपमानास्पद नावे टाकून नवी नावे घेतात. हे योग्यच आहे. परंतु पात्र रहिवाशांची जी यादी होते, जिला परिशिष्ट दोन म्हणतात, तिच्यात नाव येते ते मतदारयादी, शिधापत्रिका, वीजबिल आणि फोटोपास ह्यांवरून. एका कागदावर जुने नाव आणि दुसऱ्यावर नवे असले की, कारकून त्या कुटुंबाला अपात्र ठरवितो, आणि मग अपिलांत वर्षे जातात. म्हणून नाव बदलताच शासकीय राजपत्रात ते रीतसर प्रसिद्ध करावे आणि सर्व कागदांवर एकदमच सुधारून घ्यावे. बौद्ध म्हणून नोंद केल्यास सवलती जातील ह्या भीतीने कोणी धर्म लपवू नये. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना केंद्रातही अनुसूचित जातीचे हक्क मिळाले आहेत, आणि म्हाडाच्या सोडतीतील अनुसूचित जातींची ११ टक्के घरेही त्यांना खुली आहेत. जातीचे प्रमाणपत्र आणि त्याची पडताळणी मात्र वेळीच करून ठेवावी.

भगिनींनी आणखी एक गोष्ट ध्यानात धरावी. पुनर्वसनाचे घर पती आणि पत्नी दोघांच्या नावे देण्याची तरतूद नियमांत आहे. हिंदू कोड बिलासाठी ज्यांनी मंत्रिपद सोडले त्यांच्या अनुयायांच्या घरी किल्लीवर पत्नीचे नाव नसावे, ही लाजिरवाणी गोष्ट होईल. सभेलाही स्त्रियांनी आलेच पाहिजे. पाण्याची, भाड्याची आणि मुलांच्या शाळेची झळ त्यांना पहिली लागते. म्हणून खोटे आश्वासनही त्याच पहिल्या ओळखतात.

आणि एक कटू सत्य. ज्या योजना रखडल्या त्यांतील कित्येकांत समितीवर बसलेले आपलेच लोक होते. यादीत खोटी नावे घुसडणे, बिल्डरकडून जादा खोली घेणे, शेजाऱ्याचे भाडे थकले असता स्वतःचे गुपचूप वसूल करणे, ह्या गोष्टी आपल्याही वस्त्यांत घडतात. जे दिलेले नाही ते घ्यावयाचे नाही, हे दुसरे शील. खोटे बोलावयाचे नाही, हे चौथे. दर रविवारी विहारात हात जोडून जे आपण म्हणतो, ते सोमवारी समितीच्या कचेरीत विसरलो तर आपण धर्म बदलला, पण स्वभाव बदलला नाही, असेच जग म्हणेल.

शासनाकडे आमच्या मागण्या थोड्या आणि स्पष्ट आहेत. पैशाची हमी मिळाल्यावाचून एकही वस्ती पाडू देऊ नये. रहिवाशांची इमारत पुरी होऊन ताबा दिल्यावाचून विक्रीच्या इमारतीत एकाही माणसाला राहू देऊ नये. मुदत संपताच बिल्डरला काढण्याची कारवाई प्राधिकरणाने स्वतः करावी, रहिवाशांना न्यायालयात पाठवू नये. रखडलेल्या योजना सार्वजनिक संस्थांनी हाती घेऊन पूर्ण कराव्यात. शिवडीच्या चाळींना केंद्र आणि राज्य ह्यांच्या कागदी वादात कुजत ठेवू नये. नव्या मनोऱ्यांत मुलांच्या अभ्यासिकेला आणि विहाराला जागा राखावी. देखभालीचा खर्चही असा ठरवावा की, ज्याला घर मिळाले त्याला तो झेपेल. नाही तर एका हाताने दिलेले घर दुसऱ्या हाताने, महिन्याच्या बिलापायी, विकावे लागेल.

नव्या मनोऱ्यांत जाणाऱ्या कुटुंबांना शेवटी एवढेच सांगावयाचे आहे. चाळीत दार उघडे असे, म्हणून शेजाऱ्याचे दुःख कळत असे. मनोऱ्यात दार बंद होते. ते बंद दार एकमेकांपासून तोडणारे ठरू देऊ नका. चाळीची घाण आणि गर्दी मागे ठेवा, चाळीची सभा मात्र बरोबर न्या. आणि ज्यांची इमारत अजून अर्धवट उभी आहे, त्यांना विसरू नका. तुमच्या हातात किल्ली आहे, त्यांच्या हातात अजून केवळ कागद आहे. येत्या पौर्णिमेस प्रत्येक विहारात वंदना झाल्यावर वस्तीची सभा भरावी, आपल्या भागातील रखडलेल्या योजनांची यादी करावी आणि त्या यादीसह प्राधिकरणाच्या कचेरीत जावे. स्वतःचा दीप स्वतः होण्याचा अर्थ हाच आहे.

जय भीम.